चित्रं हरवली, बंडी राहिली
वाचकांची पत्रं आणि चित्रकलेच्या बाईंची उत्तरं

मागच्या अंकात मी रशियन संगीतकार मुसोर्गस्कीच्या 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' या रचनेच्या एका जुन्या रेकॉर्डबद्दल लिहिलं होतं. शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रा, कंडक्टर राफाएल कुबेलिक, एप्रिल १९५१, कंपनी मर्क्युरी. रचना मुळात पियानोची, ती ऑर्केस्ट्रासाठी मांडली फ्रेंच संगीतकार मॉरिस रावेलने. एका माणसाने एका मित्राच्या चित्रांच्या प्रदर्शनात मारलेला फेरफटका, एवढीच तिची गोष्ट. मला वाटलं होतं, वाचून लोक पान उलटतील. पण पत्रं आली, आणि त्यातली बरीचशी रचनेच्या एका तुकड्यात येणाऱ्या बैलबंडीबद्दल आली. विदर्भात दुसरं काय होणार!

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. संगीत चित्रांवरचं आहे, तर आधी चित्रं बघायला नकोत का? मोबाइलवर शोधली तर मोजकीच सापडली. बाकीची कुठे बघायला मिळतील?
— एक शिक्षिका, नेर

बाकीची कुठेच मिळणार नाहीत. ती हरवली.

ती काढणारा, मुसोर्गस्कीचा मित्र व्हिक्टर हार्टमन हा मुळात वास्तुशिल्पी. इमारतींचे आराखडे काढायचा, प्रवासात जलरंगातली चित्रं करायचा, नाटकांचे पोशाख आखायचा, घड्याळं आणि दिवाणखान्यातल्या वस्तूही. १८७३च्या ऑगस्टमध्ये तो अचानक गेला, वय अवघं ३९. पुढच्या वर्षी व्लादिमीर स्तासोव्ह या त्याच्या समीक्षक मित्राने सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीत त्याचं प्रदर्शन भरवलं. सुमारे ४०० कामं होती. मुसोर्गस्की ते बघून आला आणि १८७४च्या जूनमध्ये तीनेक आठवड्यांत त्याने ही रचना लिहून काढली. त्या ४०० मधली बहुतेक कामं पुढे कुठे गेली, कोणाकडे गेली, पत्ता नाही. रचनेशी नक्की जोडता येतील अशी उरली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी : अंड्याच्या कवचातून हातपाय बाहेर काढलेल्या पिल्लाचा नृत्यनाट्यातला पोशाख, दोन ज्यू पुरुषांची चित्रं, पॅरिसची भुयारं, कोंबडीच्या पायांवर उभ्या झोपडीच्या आकाराचं घड्याळ आणि कीव्हचा दरवाजा. जुना किल्ला गेला, बागेत भांडणारी मुलं गेली, बैलबंडीही गेली.

तेव्हा शाळेत काय करायचं, ते सांगते. एलिमेंटरीच्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो, तुम्हाला माहीत आहेच. समोर वस्तू नसते. जे डोक्यात राहिलं ते कागदावर उतरवायचं. मुसोर्गस्कीने नेमकं तेच केलंय, फक्त कागदाऐवजी पियानोवर. मी वर्गात नाव न सांगता बंडीचा तुकडा लावत असे आणि काढायला सांगत असे. पोरांनी ट्रक काढले, हत्ती काढले, गणपतीची मिरवणूक काढली, एकीने आजारी आजोबांना खाटेवर घालून नेणारी माणसं काढली. जड काहीतरी येतंय आणि पुढे निघून जातंय, हे मात्र कोणाचं चुकलं नाही. आधी मूळ चित्र दाखवलं असतं तर सगळ्यांनी तेच उतरवून ठेवलं असतं. आमच्या पोरांची कॉपी करण्याची हौस तुम्हाला मी काय सांगू!

आणखी एक दाखला देते. रशियन संगीतकार रख्मानिनोव्हची 'आयल ऑफ द डेड' ही रचना आर्नोल्ड बॉक्लिनच्या चित्रावरची. निश्चल पाणी, त्यात एक खडकाळ बेट, बेटाकडे जाणारी होडी आणि होडीत शवपेटी. रख्मानिनोव्हने पॅरिसमध्ये पाहिली ती त्या चित्राची काळी-पांढरी छापील प्रत. त्यावरून १९०९मध्ये रचना झाली. पुढे मूळ रंगीत चित्र बघितलं, तर ते त्याला तितकंसं भावलं नाही. आधी हेच बघितलं असतं तर मी कदाचित ती लिहिलीच नसती, असं तो म्हणाला होता. कॅलेंडरवरच्या प्रती बघत वाढलेल्या तुम्हा-आम्हाला एवढा आधार पुरे आहे.

थोडक्यात, चित्रं शोधत बसू नका. चालणाऱ्याकडे लक्ष द्या. त्याच्याबद्दल पुढे एका तबलजीच्या पत्रात लिहिलंय.

बाई, तुमी मांगच्या अंकात लिवलं का त्या इलायती बाजात बैलबंडी हाय. नातवानं मोबाइलवर लावून देल्ली. माही उमर बंडी हाकण्यात गेली. त्यात ना घुंगरू, ना बैलाचं पाऊल. ते बंडी नाई, रोडरोलर हाय. खरं का खोटं?
— एक शेतकरी, ता. दिग्रस

भाऊ, नमस्कार. तुमचं पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

ती आपली बंडी नाहीच. हार्टमनने काढली होती ती पोलंडमधली गाडी. चित्र आज नाही, पण स्तासोव्हने दोन शब्दांत वर्णन ठेवलंय : प्रचंड चाकांची गाडी, बैल जोडलेले. आपल्या दमणीसारखी झुलत जाणारी नव्हे, मालाची, चिखलातून ओढायची. म्हणून त्या बाजात बैल दिसण्याआधी चाक ऐकू येतं. खाली एकसारखे दोन-दोन स्वर दाबत जातात, एकदा इकडे, एकदा तिकडे. ते पाऊल म्हणून ऐकाल तर पटणार नाही. चाक म्हणून ऐका.

घुंगराचं म्हणाल, तर तुम्ही रिकाम्या बंडीचं बोलताय. पोळ्याची बंडी, लग्नाची बंडी, पटातला छकडा, त्याला घुंगरू वाजणारच. पण दिवाळीनंतर उभारीच्या वर कापूस दाबून भरलेली बंडी जिनाकडे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याकडे, निघाली की बैल मान खाली घालून ओढतो, मान हलत नाही, माळ मुकी राहते. आमच्या सासरचं घर जिनाच्या रस्त्यावर होतं. तेव्हा टायरच्या बंड्या थोड्या, लाकडी चाक आणि त्याला लोखंडी धाव. पहाटे ती धाव गिट्टीवरून यायची तेव्हा आधी भिंतीतून कळायचं, मग कानाला. आख कोरडा असला तर वरून ती कुरकुर वेगळी. टायरची बंडी चांगली, बैलाला सुखाची, त्याबद्दल वाद नाही. पण नातवाने ती धाव कधी ऐकली नाही, म्हणून त्याला हा बाज परका. तुम्ही ऐकलीय. पुन्हा एकदा लावा, मोबाइलवर नको, मोठ्या स्पीकरवर. मोबाइलच्या स्पीकरमधून खर्ज येतच नाही, आणि या बंडीचं सगळं ओझं खर्जात आहे.

आता यातली गंमत. बंडी कशी यावी, यावर दोन मतं आहेत, आणि दोन्ही छापलेली आहेत. मुसोर्गस्कीच्या हस्तलिखितात ती पहिल्याच स्वराला पूर्ण जोरात सुरू होते. डोळे उघडले आणि समोर बंडी. मग हळूहळू लांब जाते. त्याच्या मृत्यूनंतर १८८६मध्ये मित्र रिम्स्की-कॉर्साकोव्हने रचना छापायला दिली, त्यात ही सुरुवात हलकी झाली. बंडी लांबून येते, जवळ येऊन गरजते, निघून जाते. रावेलच्या हातात ही छापील आवृत्ती होती, म्हणून ऑर्केस्ट्रात बंडी लांबून येते.

चित्र शिकवणारी म्हणून मला मुसोर्गस्कीचं बरोबर वाटतं. चौकटीतली बंडी लांबून येत नाही, ती तिथे असतेच. पण जिनाच्या रस्त्यावर राहिलेली म्हणून मी रावेलच्या बाजूची.

ती बंडी ओढतो तो ट्यूबा. पितळी वाद्यांतलं सगळ्यात खर्जाचं हे वाद्य, आणि रावेलने त्याला गळा ताणून वर गायला लावलंय. त्याच्या काळचा फ्रेंच ट्यूबा आकाराने लहान असे, त्याला ते जमायचं. आता बऱ्याच ठिकाणी तेवढा भाग युफोनियम नावाच्या धाकट्या वाद्यावर वाजवतात. त्या आवाजात जो ताण आहे तो वाजवणाऱ्याचा खराखुरा ताण आहे. गाणं शेवटाला येता येता मागे साइड ड्रम घुमायला लागतो, तेव्हा बंडी अगदी दारासमोर असते. रोडरोलर म्हणालात त्याला माझी हरकत नाही, पण तेवढं होऊन गेल्यावर ती लांब जाताना ऐका. रोडरोलर असा जात नाही.

तुम्ही लिहिलेलीच तबकडी इथे रद्दीवाल्याकडे मिळाली, कव्हर फाटकं आहे. ती मोनो आहे. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो मोनो म्हणजे अर्धा आवाज, आणि नव्वद-शंभर वाद्यं एका मायक्रोफोनवर घेणं हा वेडेपणा. ठेवू की परत करू?
— एक वाचक, कारंजा (लाड)

परत केलीत तर मला पत्ता कळवा, मी घेऊन जाईन.

मुलाला सांगा, वेडेपणा नव्हता, पण धाडस होतं खरं. १९५१च्या एप्रिलमध्ये शिकागोच्या ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये इंजिनिअर बॉब फाइन याने जर्मन बनावटीचा एकच मायक्रोफोन, यू-४७, कंडक्टरच्या वर सुमारे २५ फुटांवर टांगला. बस. आज बऱ्याचदा वाद्यांपुढे जागोजागी माइक लावतात आणि नंतर यंत्रावर बसून कोणाला वर, कोणाला खाली करतात. इथे नंतर करण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. बासरी दबली तर दबली. म्हणजे तोल जो काही साधायचा तो वाजवतानाच, कुबेलिकच्या हातांनी आणि वाजवणाऱ्यांच्या कानांनी. माइक नेमका कुठे टांगायचा, वीतभर पुढे की वीतभर मागे, हेच काय ते इंजिनिअरचं काम, आणि ते तासन्‌तास चालायचं.

मोनोत डावं-उजवं नसतं, हे मुलाचं खरं. पण जवळ-लांब असतं, ते तो विसरला. एक प्रयोग करा. डोळे मिटून ओसरीवर बसा आणि कोणाला तरी जवळ येऊन टाळी वाजवायला सांगा, मग तीच टाळी आतल्या खोलीतून. दुसरी नुसती हळू नसते. तिच्यासोबत भिंतींवरून परतलेला आवाज जास्त येतो, म्हणून ती लांबची आहे हे कानाला कळतं. त्या हॉलमध्ये व्हायोलिन माइकच्या जवळ आणि ट्रम्पेट, ट्रॉम्बोन पार मागे होते. ते मागूनच ऐकू येतात, आणि तरीही त्यांची धार कमी होत नाही. प्रत्येकापुढे वेगळा माइक ठेवला की सगळेच पुढे येऊन बसतात आणि हॉल नाहीसा होतो.

न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक हॉवर्ड टॉबमन यांनी या रेकॉर्डबद्दल लिहिताना, जणू जिवंत ऑर्केस्ट्राच्या समोर बसलोय, अशा अर्थाचं काही लिहिलं. त्यातले 'लिव्हिंग प्रेझेन्स' हे दोन शब्द उचलून कंपनीने आपल्या सगळ्या मालिकेला नाव दिलं. जाहिरात खपली, पण या एका रेकॉर्डपुरती ती खरी आहे.

आणि माझं स्वतःचं एक म्हणणं. ही रचना एका माणसाच्या फेरफटक्याची आहे. तो एका वेळी एकाच ठिकाणी उभा असतो. एक मायक्रोफोन म्हणजे उभं राहायला एकच जागा. पंचवीस माइकच्या रेकॉर्डमध्ये मला एकाच वेळी पंचवीस ठिकाणी उभं केल्यासारखं होतं, आणि मग चित्र कोण बघतंय तेच कळत नाही. मुलगा याला शास्त्रीय म्हणणार नाही. न म्हणो.

हॉलबद्दल आणखी एक. १९६६मध्ये त्याची दुरुस्ती झाली आणि आवाज कोरडा झाला, अशी तक्रार पुढे वर्षानुवर्षं राहिली. म्हणजे तुमच्या फाटक्या कव्हरात नुसती रचना नाही, आधीचा तो हॉलही आहे.

कापसाला भाव नाही, सोयाबीन पाण्यात गेलं, आणि तुम्ही आम्हाला शिकागोची तबकडी ऐकवता. लाज वाटत नाही?
— एक वाचक, हिंगणघाट

भावाबद्दल याच मासिकात दुसरी पानं आहेत, मीही आधी तीच वाचते. आमच्या वावरातही पऱ्हाटीच आहे, बोंडअळीने माझं पेन्शन विचारून सोडलं नाही. पण ज्या वर्षी भाव मिळाला त्या वर्षी तरी तुम्ही संगीतावरचं पान वाचलं होतं का, ते कळवा.

मी तबला शिकतो. सुरुवातीच्या ट्रम्पेटच्या धुनेवर ठेका धरायला बसलो तर दर वेळी सम हुकते. हा कोणता ताल?
— एक विद्यार्थी, परतवाडा

ताल म्हणून बसू नका, हुकणारच. पहिली ओळ पाच मात्रांची, पुढची सहा, पुन्हा पाच, पुन्हा सहा. अकरा धरले तर काही काळ निभेल, मग पुढे तेही मोडतं. रशियन लोकगीतांच्या वळणावर त्याने ते मुद्दाम केलंय. एकजण ओळ म्हणतो, मागून सगळे उचलतात. आपल्या भजनी मंडळात बसत असाल तर ही रीत ओळखीची वाटेल.

ही धून म्हणजे 'प्रोमेनाड', दोन चित्रांमधलं चालणं. चालणारा खुद्द मुसोर्गस्की. या मधल्या तुकड्यांत माझाच चेहरा दिसतो, असं त्याने स्तासोव्हला पत्रात कळवलं होतं. अंगाने जाड माणूस, चाल सरळ नाही, कुठे रेंगाळतो, कुठे भरभर जातो. पाच आणि सहा आलटून-पालटून आले की तशीच चाल होते.

पण या चालण्यात आणखी एक ओझं आहे, आणि ते कळलं की ही धून मला तरी पहिल्यासारखी ऐकू येईना. हार्टमन गेला त्या दिवसांत मुसोर्गस्कीने स्तासोव्हला लिहिलेलं एक पत्र आहे. दोघे मित्र पीटर्सबर्गमध्ये रस्त्याने चालले होते. हार्टमन मध्येच भिंतीला टेकून उभा राहिला, पांढरा पडला. काय झालं विचारलं तर म्हणाला, श्वास घेता येत नाही. मुसोर्गस्कीने कलावंतांच्या नाजूक प्रकृतीचं काहीतरी समजून त्याला जरा दम खायला सांगितलं, मग पुढे जाऊ म्हणाला. मित्र गेल्यावर त्याला हेच आठवत राहिलं. आणि वर्षाच्या आत त्याने काय लिहिलं, तर चालण्याची धून.

आता ऐकताना धुनेचा माग काढा. रावेलच्या मांडणीत ती चार वेळा स्वतंत्र येते. (मुसोर्गस्कीने पाच वेळा दिली होती, शेवटची रावेलने गाळली. का गाळली असेल ती असो, मला ती हवी होती.) बागेतल्या पोरांनंतर बंडी येते तिथे मधे चालणं नाहीच, पोरांचा गलका संपतो आणि थेट चाक. मग पॅरिसची भुयारं. त्या चित्रात हार्टमनने स्वतःलाच काढलंय, कंदील धरलेल्या वाटाड्याबरोबर कवट्यांच्या राशीपुढे उभा. पितळी वाद्यं नुसते लांब स्वर धरतात, एकदा मोठे, एकदा दबके. आणि त्यानंतर चालण्याची तीच धून हळू, काळवंडलेली, वर व्हायोलिनची कापरी तान. हस्तलिखितात मुसोर्गस्कीने इथे लिहिलंय की मेलेल्या हार्टमनचा आत्मा मला कवट्यांपाशी नेतोय, त्यांना हाक मारतोय, आणि कवट्या मंद उजळताहेत. इथपर्यंत तो चित्रांच्या बाहेर चालत होता, इथे चित्रात शिरला. मित्र तिथे होता ना!

तबल्याचं म्हणाल तर ठेका सोडून द्या, पायाने चाला. आणि पहिल्याच ओळीतला तो एकटा ट्रम्पेट नीट ऐका. तो ॲडॉल्फ हर्सेथ. १९४८ ते २००१ शिकागोच्या पहिल्या ट्रम्पेटची खुर्ची त्याच्याकडे होती. याच रेकॉर्डमध्ये पुढे दोन ज्यू पुरुषांच्या चित्रात गरीब माणसाचं केविलवाणं, थरथरतं बोलणं येतं, तेही तोच, ट्रम्पेटच्या तोंडात बूच घालून. एकच स्वर इतक्या वेळा इतक्या झपाट्याने मारणं हे तुमच्या तबल्याच्या कायद्यातल्या 'तिरकिट'इतकंच हाताखालून गेलेलं असावं लागतं.

याच ऑर्केस्ट्राची फ्रिट्झ रायनरची रेकॉर्ड अधिक नावाजलेली आहे, ती सोडून कुबेलिक का?
— एक वाचक, अमरावती

रायनरची डिसेंबर १९५७ची, आरसीए कंपनीची, स्टीरिओ, हॉल तोच, ट्रम्पेटवर हर्सेथच. उत्तम आहे. बाबा यागा या लोककथेतल्या चेटकिणीची झोपडी कोंबडीच्या पायांवर धावत सुटते ती ऐकायची तर रायनरच. त्याच्या हाताखाली कोणी पाव मात्रा इकडे-तिकडे होत नाही. तुमच्याकडे दोन चांगले स्पीकर असतील आणि एकच घ्यायची असेल तर रायनरची घ्या, मी रागावणार नाही. पण रायनर चित्रं दाखवतो आणि कुबेलिक चालतो. १९५१मध्ये तो ३६ वर्षांचा होता. चेकोस्लोव्हाकियात १९४८मध्ये कम्युनिस्टांची सत्ता आल्यावर देश सोडून निघालेला. शिकागोतली एक वजनदार समीक्षक त्याच्या मागे हात धुऊन लागली होती, १९५३मध्ये त्याने ती जागा सोडलीच. मायदेशी तो पुन्हा वाजवायला गेला १९९०मध्ये.

आणि मूळ पियानोची ऐकायची तर पियानोवादक रिख्तरची, सोफिया शहरातल्या मैफिलीची, १९५८. श्रोत्यांचा खोकला भरपूर आहे. बंडी मात्र पहिल्या स्वराला समोर.

आपल्याकडे असं चित्रावरून संगीत झालंय का?
— एक वाचक, वरूड

आपण बहुतेक उलट दिशेने गेलो. रागमाला. राग आधी, चित्र मग. तोडीची वीणा घेतलेली नायिका आणि भोवती हरणं, मेघात ढग आणि नाचणं. राजस्थानात, पहाडी मुलखात आणि आपल्या दख्खनमध्येही शेकडो झाली. नागपूरला गेलात तर अजब बंगल्यात एक दुपार काढा. १८६३पासूनचं संग्रहालय आहे, जुन्या दालनांत पाय वाजतात. कुठल्याही चित्रापुढे थांबा, मग पुढच्याकडे जाताना स्वतःची चाल बदलते का बघा.

उन्हाळ्यात तबकड्या वाकतात आणि जिन सुरू झालं की सुईला सारखं काहीतरी गुंडाळतं. उपाय?
— एक वाचक, आर्वी

गुंडाळतात ते रुईचे तंतू, आमच्याकडेही तेच. मऊ ब्रशने सुई पुसा, पण कायम मागून पुढे, आडवी किंवा उलट कधीच नाही. वाजवून झालं की झाकण लावा. उन्हाचं म्हणाल तर तबकड्या एकीवर एक रचू नका, उभ्या ठेवा, आणि टिनाखालच्या पत्र्याच्या पेटीत तर मुळीच नको. मे महिन्यात तिथे पापड भाजतील. मातीच्या भिंतीची आतली खोली असेल तर तीच त्यांची जागा. पावसाळ्यात बुरशी आली तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, गोल फिरवत. घरात मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. आणि त्यांना सुईही वेगळी, जाड लागते.

शेवटचा कीव्हचा दरवाजा अंगावर काटा आणतो. मुलगी युरोपात शिकते, तिला बघायला पाठवायचं म्हणतो. दरवाजा नेमका कुठे आहे?
— एक वाचक, पुसद

कुठेच नाही, कारण तो बांधलाच गेला नाही. एप्रिल १८६६मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरवर गोळी झाडली गेली आणि तो वाचला. त्या प्रसंगाची आठवण म्हणून कीव्ह शहराला दरवाजा उभारायचं ठरलं, स्पर्धा झाली, हार्टमनने जुन्या रशियन शिरस्त्राणाच्या आकाराचा घुमट आणि घंटा असलेला आराखडा दिला, आणि मग सगळी योजनाच बारगळली. कागद उरला. कीव्हमध्ये 'सुवर्णद्वार' म्हणून जे दाखवतात ते वेगळं, अकराव्या शतकातलं, त्याच्या अवशेषांवर १९८२मध्ये नव्याने उभारलेलं. सध्या तिथे युद्ध चालू आहे, मुलीला पाठवू नका.

संगीतात मात्र दरवाजा पूर्ण बांधून झालाय. मोठ्या पितळी स्वरांच्या मधे दोनदा एकदम शांत होतं आणि प्रार्थनेसारखं काही येतं. मग घंटा. घंटांच्या आतून ओळखीची धून वर येते, तीच पाच-सहा मात्रांची. म्हणजे जो चित्रं बघत फिरत होता तो आता दरवाजातून जातोय. कुबेलिक इथे घाई करत नाही. सगळे सगळी ताकद लावतात, तरी घंटा पितळी वाद्यांखाली बुडत नाही. एका माइकवर हे कसं झालं, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

तुम्ही तबकडीवर ऐकत असाल तर एक लक्षात ठेवा. दरवाजा सगळ्यात शेवटी, म्हणजे तबकडीच्या अगदी आतल्या कड्यात येतो. तिथे प्रत्येक फेरा लहान, तेवढ्याच वेळात खाच कमी लांबीची मिळते, आणि नेमका तिथेच सगळ्यात मोठा आवाज कोंबलेला असतो. सुई झिजलेली असली की हाच भाग आधी फाटतो. तसं झालं तर कुबेलिकला बोल लावू नका, सुई बदला.